मखमलाबादचा 'नख न लावायचा' वड आणि आमच्या आजोळचा शाप: कुणी ऐकलंय का?

वाघाडी

नाशिककर मंडळींसाठी, आणि जुने कागद, जुनी झाडं, जुन्या गोष्टी यांत रस असणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. थोडं लांब लिहिते आहे, सांभाळून घ्या.

माझं आजोळ मखमलाबादचं. गावठाण संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथे आजोळच्या मळ्यात एक वड आहे. पारंब्या जमिनीत रुतून त्यांचे खोडासारखे खांब झालेत. मूळ बुंधा कोणता ते घरातलेही बोट ठेवून सांगू शकत नाहीत. मळ्यात काम करणारे त्याला 'बाईचा वड' म्हणतात. घरात हे नाव कुणी घेत नाही, नुसतं 'तिकडचं झाड' म्हणायचं.

आजीने आईला आणि आईने मला सांगितलेली गोष्ट अशी. घरात दोघे भाऊ. धाकटा ऐन तारुण्यात तापाने गेला. त्याची बायको विशीच्या आतबाहेरची, पदरी मूल नाही. थोरल्याने तिला वाटा तर दिला नाहीच, पुढे भाकरी मोजायला सुरुवात केली. एके दिवशी तिची पेटी ओसरीवरून उचलून अंगणात ठेवली. ती माहेरी गेली नाही. मळ्यातल्या वडाखाली जाऊन बसली. किती दिवस बसली होती ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. कुणी तीन रात्री म्हणतं, कुणी अख्खा अधिक महिना. मग उठली आणि दिराच्या दारात येऊन म्हणाली, "तुम्ही दिली नाही ती सावली ह्या वडाने दिली. ह्याला जो नख लावील, त्याच्या घरात पाळणा हलायचा नाही." तिथून गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, वाटेने निघाली, ती कुणाला पुन्हा दिसली नाही.

यानंतर त्या घरात दोन पिढ्या दत्तक आले. माझे पणजोबा दत्तक, आजोबाही दत्तक. आजोबांनी वडाला दगडी पार बांधला, दिवा लावायला सुरुवात केली, म्हणून मामा झाला असं म्हणतात. झाडाची वाळकी काटकीही चुलीत घालायची नाही, पानांच्या पत्रावळी लावायच्या नाहीत. आणि सगळ्यात विशेष म्हणजे आजोळच्या सुना वटपौर्णिमेला ह्या वडाकडे फिरकत नाहीत. मारुतीच्या देवळामागच्या वडाला जातात. स्वतःच्या मळ्यात एवढा वड असताना!

आता कारण सांगते. मळ्याचे प्लॉट पडायचे आहेत आणि झाड आराखड्याच्या मधोमध येतंय. भावकीत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या आणि मग निर्धास्त तोडा. दुसऱ्याचं म्हणणं, तोडायचं नावच काढू नका, कारण आधीच भोगतोय. हे 'भोगणं' म्हणजे माझ्या मामेभावाला लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नाही. मामाच्या हयातीत विजेच्या तारांसाठी वडाची एक मोठी फांदी उतरवली होती, त्याचं हे फळ म्हणे. आणि सगळं वहिनीच्या अंगावर येतं. उपास तिला, नवस तिला, बारशाला बोलावणं नाही तेही तिलाच. शिकलेली, शाळेत शिकवणारी बाई आहे. हल्ली माझ्याशी फोनवर बोलतानाही आवाज खाली घेऊन बोलते.

मला झाड वाचवायचं आहे, वहिनीच्या मानेवरून हे जोखडही उतरवायचं आहे. एकासाठी शाप खरा म्हणावा लागतो आणि दुसऱ्यासाठी खोटा, असा पेच पडलाय. ही कथा आणखी कुणाच्या कानावर आली आहे का? त्या काळचे कागद कुठे सापडतील? जे माहीत असेल ते लिहा.

---

जुनं नाशिक

ही कथा नाही ऐकलेली, पण असल्या कथांची जात ओळखीची आहे. आमच्या तिवंध्याच्या बाजूच्या वाड्यात मागच्या चौकात पिंपळ होता आणि त्यावर मुंजा. मुंज झालेला, सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. घरातलाच कुणीतरी, पण कोण ते कुणी सांगायचं नाही. त्याला दर अमावास्येला दहीभात ठेवायचे. पिंपळ भिंतीतच उगवलेला. लहान होता तेव्हा उपटायला भ्याले, मोठा झाला तेव्हा मुळं भिंतीत शिरली आणि एका पावसाळ्यात ती बाजू बसली. लोक म्हणाले मुंजा कोपला.

जुन्या नाशकात मातीच्या आणि विटांच्या भिंतींवर वड, पिंपळ, उंबर उगवलेले वाडे कितीतरी होते. पाखरांच्या विष्ठेतून बी फटीत पडतं. वाड्यात माणसं राहत असतात तोवर कुणीतरी रोप खुडून टाकतं. घर ओस पडलं, वाद कोर्टात गेला, की झाड वाढतं. म्हणजे भाऊबंदकी आधी आणि झाड मागून, पण सांगताना लोक उलटं सांगतात.

---

त्र्यंबकवासी

ताई, राग मानू नका, पण सगळ्याच गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत. अतृप्त जीव असतो. नारायणबळी अपमृत्यू आलेल्यांसाठी आहे आणि नागबळी सर्पहत्येच्या दोषासाठी. तीन दिवसांचा विधी आहे, तो शास्त्रात सांगितलेला आहे. आपल्या नाशिक-त्र्यंबकची नदीच मुळी दोष धुण्यासाठी आली. गौतम ऋषींच्या हातून गाय दगावली, गोहत्येचं पातक लागलं, त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केलं, तेव्हा शंकरांनी जटेतली गंगा सोडली. ती औदुंबराच्या मुळाशी प्रकटली आणि कुशावर्तात गौतमांनी दर्भाने अडवली. म्हणजे इथेही झाड आहे, दोष आहे आणि निवारणही आहे. त्या बाईच्या नावाने विधी करा. झाड तोडण्यासाठी करू नका, तिच्या शांतीसाठी करा. एवढंच माझं सांगणं.

---

वाघाडी

राग कसला, तुम्ही मनापासून लिहिलंय. विधीला माझा विरोध नाही. पण "तिच्या नावाने" म्हणालात आणि मी अडले. तिचं नाव कुणालाच माहीत नाही! मी मामीला विचारलं, मावश्यांना विचारलं. 'ती बाई', 'धाकटी', 'ती'. संकल्पात नाव-गोत्र लागतं ना? एवढी पिढ्यान्पिढ्या भीती बाळगली आणि नाव मात्र ठेवलं नाही.

आणि गौतमांची गोष्ट तुम्हीच काढलीत म्हणून. ती गाय इतर ऋषींनी मत्सरापोटी रचलेली होती असंच आपल्याकडे सांगतात ना? गौतमांनी तिला हुसकायला दर्भाची काडी उगारली आणि ती मेली. दोष त्यांच्यावर आणून घातलेला होता. मला हे वाचताना वहिनीच आठवली.

---

रानवाटा

झाडाबद्दल लिहितो, कारण तेवढंच मला येतं.

वडाचं वय अंदाजाने सांगणं फार धोक्याचं असतं. पारंब्यांचे खांब होतात, मूळ खोड आतून कुजून पोकळ होतं, कधी नाहीसंही होतं, तरी झाड जगतं. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मुख्य बुंधा बुरशीने पोखरला म्हणून १९२५ मध्ये काढून टाकला. झाड आजही पसरतंच आहे. त्यामुळे 'मूळ बुंधा कोणता' हे तुमच्या घरात कुणाला सांगता येत नाही यात गूढ काही नाही. फांदी उतरवल्यानेही वड मरत नाही. वड मरतो तो बुंध्याशी सिमेंट ओतल्याने, मुळांवर मुरूम दाबल्याने. आजोबांनी पार दगडाचा बांधला म्हणता, तो चुन्यात असेल तर चांगलंच. कुणी त्यावर फरशी बसवायचं म्हणालं तर अडवा.

आणखी एक, तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून. आंध्रात अनंतपूरकडे तिम्मम्मा मर्रिमानू नावाचा वड आहे. विस्ताराच्या बाबतीत जगात सगळ्यात मोठा म्हणून १९८९ साली गिनेस बुकात नोंदला गेला. त्याचीही कथा विधवेची आहे. तिम्मम्मा १४३३ मध्ये नवऱ्याच्या चितेवर सती गेली आणि चितेच्या मेढीला पालवी फुटून हा वड झाला, असं सांगतात. तिथली श्रद्धा काय आहे माहीत आहे? मूल नसलेल्या जोडप्याने तिथे पूजा केली की वर्षाच्या आत मूल होतं! वडही तोच, विधवाही तीच. एका गावात ती मूल देते, दुसऱ्या गावात पाळणा थांबवते. जी सती गेली तिची देवी झाली आणि जिने हक्क मागितला तिची बाधा झाली, असं मला ते वाचताना वाटलं होतं. तुमच्या धाग्यामुळे परत वाटलं.

वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात आपल्याकडच्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाही हेच दिसलं होतं. देवाच्या भीतीने लोक काडी उचलत नव्हते म्हणून ती राने टिकली. भीती संपली तिथे रानही संपलं. म्हणून तुमचा पेच मला कळतो. शाप खोटा ठरवलात तर झाडाचा रखवालदार जातो.

---

निफाडकर

आमच्याकडं बी आसंच. बांधावरचं झाड तोडलं की वंश बुडतो म्हणायचे. बांधावरचं झाड म्हंजी दोघा भावांच्या हद्दीतलं. तोडलं की भांडण. म्हातारी माणसं हुशार होती. तोडू नका म्हणलं तर कोण ऐकतं, वंश बुडतो म्हणलं की ऐकतं.

---

मनस्वी_प

एक साधा प्रश्न विचारते. दोन पिढ्या 'पाळणा हलला नाही' म्हणता. त्या दोन पिढ्यांत मुली झाल्या होत्या का?

---

वाघाडी

मनस्वी, हा प्रश्न वाचून मी आईला फोन केला.

ज्याने पेटी अंगणात ठेवली त्या थोरल्याला तीन मुली होत्या. एक ओझरला दिलेली, एक चांदवडकडे, तिसरीचं सासर आईला आठवत नाही. पणजोबांना दोन मुली. त्यातली एक बाळंतपणात गेली. दुसरी माझ्या आईच्या लग्नापर्यंत होती, आईला तिने पैंजण दिले होते. आजोबांना माझी आई धरून चार मुली आणि मग मामा.

म्हणजे पाळणा प्रत्येक पिढीत हलला. एकदा नव्हे, अनेकदा हलला. त्या पाळण्यातल्या बायका मोजल्याच गेल्या नाहीत. ज्या घराला मी लहानपणापासून निर्वंशाच्या शापाचं घर म्हणून ओळखते, त्याच घराच्या चार मुलींपैकी एकीची मी मुलगी आहे. मला हे इतकी वर्षं सुचलं नाही कारण कुणालाच सुचत नाही. मी आईला म्हटलं, "आई, तू पण वंशच ना?" ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "हे तू मामीला सांग."

---

दस्तऐवज

मी वकील आहे, दिवाणी कामं करतो. कथेतल्या बाईच्या हक्काबद्दल लिहितो, कारण गोष्टीचा गाभा मला तिथे दिसतो.

एकत्र कुटुंबातला सहहिस्सेदार मुलगा न ठेवता वारला, तर १९३७च्या आधी त्याचा हिस्सा उरलेल्या भावांकडे आपोआप जायचा. विधवेला मिळायची ती पोटगी, म्हणजे अन्नवस्त्र आणि राहायला जागा. वाटणी मागायचा अधिकार नव्हता. १९३७च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात हक्क दिला, पण तोही हयातीपुरता. १९५६च्या वारसा कायद्याने, म्हणजे त्याच्या कलम १४ने, तो पूर्ण मालकीचा झाला. मुलीला जन्माने सहहिस्सेदार देशभर केलं ते २००५ मध्ये.

तुम्ही सांगितलेल्या पिढ्यांच्या हिशेबाने घटना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची किंवा थोडी आधीची दिसते. म्हणजे दिराने वाटा दिला नाही हे तेव्हाच्या कायद्यात बसणारं होतं. तिला घराबाहेर काढलं हे त्या कायद्यातही बसत नव्हतं. तिला कोर्टात जाता आलं असतं, पण मळ्यातली विशीची विधवा कुठल्या कोर्टात जाणार? तिच्याकडे बोलणं एवढंच होतं. ती बोलली.

दत्तकाचंही तेच. जमीन, वतन आणि पिंड यांसाठी मुलगा हवा, म्हणून सुस्थितीतल्या घरांत दत्तक ही नित्याची गोष्ट होती. जुन्या कागदांत दत्तकपत्रं ढिगाने सापडतात. प्रत्येकाच्या मागे शाप शोधायचा तर अर्धा जिल्हा शापित निघेल.

कागद कुठे मिळतील ते सांगतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे गावाचं जन्म-मृत्यू रजिस्टर असतं. कुणबी नोंदी शोधताना अलीकडे ह्याच रजिस्टरांची बरीच उलथापालथ झाली, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती स्कॅन झालेली आहेत. फेरफार नोंदीही काढा. भाऊ वारल्यावर नाव कमी केल्याची नोंद मिळू शकते. जुनं बरंचसं मोडी लिपीत असेल.

---

जुनं नाशिक

वकीलसाहेबांनी सरकारी कागद सांगितले, मी गंगेवरचे सांगतो. तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय कोण ते मामीला विचारा. पंचवटीत आणि त्र्यंबकला उपाध्यायांकडे गावागावांच्या नामावळ्या आहेत. अस्थी घेऊन, श्राद्धाला, सिंहस्थाला कोण आलं, कुणाचा कोण, सगळं त्या वह्यांत लिहिलेलं असतं, कित्येकदा आलेल्याच्या सहीनिशी. धाकटा भाऊ गेला तेव्हा कुणीतरी रामकुंडावर आलं असणारच.

तापाने गेला म्हणता, तर प्लेगही असू शकतो. मुंबईत १८९६ला प्लेग आला आणि मग नाशकातही शिरला. लोक घरं सोडून शिवारात झोपड्या बांधून राहायचे. मळ्यातल्या झाडाखाली राहणं त्या काळात इतकं नवलाचं नव्हतं, हेही ध्यानात घ्या.

---

पारिजात

मी डॉक्टर आहे. कथेवर बोलणार नाही, वहिनींबद्दल बोलते.

तुमच्या मामेभावाची तपासणी झाली आहे का? मूल होत नाही अशा साधारण निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडचं असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. वीर्यतपासणी ही सगळ्यात साधी, स्वस्त आणि पहिल्यांदा करायची तपासणी आहे, आणि आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. बाईच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शनं, दुर्बिणीतून तपासण्या होऊन जातात आणि नवऱ्याला कुणी विचारलेलंही नसतं. माझ्याकडे अशी जोडपी येतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

ते स्वतः द्राक्षबागेत फवारणी करतात का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगायला लावा. शेतीतल्या कीटकनाशकांशी सतत संपर्क आणि वीर्याची प्रत यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलेला आहे. मास्क-हातमोजे न घालता वर्षानुवर्षं फवारणारे शेतकरी मी बघते. त्यांच्या बाबतीत तेच कारण आहे असं मी म्हणत नाही. पण झाडाची फांदी तपासण्याआधी हे तपासा.

---

त्र्यंबकवासी

डॉक्टरताईंशी सहमत. विधी करणाऱ्यांनीही औषध सोडू नये, आमच्या वडिलांनी यजमानांना नेहमी हेच सांगितलं. मुलींचं मात्र माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. वाघाडीताई, नामावळी बघायला याल तेव्हा घराण्याचं मूळ गाव, आडनाव आणि कुळ नीट सांगा. वह्या गावाप्रमाणे लावलेल्या असतात. पंचवटीत नाही मिळालं तर त्र्यंबकला पाहू. मी शब्द टाकतो.

---

निफाडकर

त्र्यंबकवासी, भले!

---

कावेरीकाठ

माहेर नाशिक, सासर म्हैसूर. इथली गोष्ट तुमच्या कथेला अगदी लागून आहे म्हणून लिहिते. श्रीरंगपट्टणचा ताबा १६१० साली राजा वडियार यांनी घेतला. तिथल्या सुभेदाराची राणी अलमेलम्मा दागिने घेऊन गेली होती. ते परत आणायला माणसं धाडली, तेव्हा तिने कावेरीत उडी घेतली आणि शाप दिला की तलकाड वाळूत गाडलं जाईल, मालंगीला डोह होईल आणि म्हैसूरच्या राजांना मुलं होणार नाहीत. तलकाडची देवळं खरोखरच वाळूखाली गेलेली आहेत. राजघराण्यात दत्तकही अनेकदा आले. आत्ताचे यदुवीर २०१५ मध्ये दत्तक आले आणि २०१७ मध्ये त्यांना मुलगा झाला, तेव्हा इथे 'शाप फिटला' अशा बातम्या होत्या.

पण मला सांगायचं ते वेगळंच. राजवाड्यात त्या अलमेलम्माची मूर्ती आहे आणि तिची पूजा होते. तिचं नाव चारशे वर्षं म्हैसुरात सगळ्यांच्या तोंडी आहे. तुमच्या आजोळच्या बाईला तेवढंही मिळालं नाही. नाव शोधा, नक्की शोधा.

---

वाघाडी

सगळ्यांचे खूप आभार. मध्ये बरंच घडलं, ते सांगते.

पहिलं वहिनीचं. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. हा धागा मी तिला वाचायला दिला. तिने तो रात्री मामेभावाला वाचून दाखवला, पारिजात यांचा प्रतिसाद धरून. पुढे काय झालं, काय निघालं, ते त्या दोघांचं आहे आणि ते इथे येणार नाही. एवढं सांगते की डॉक्टरांकडे आता दोघं जोडीने जातात आणि नवसाचे उपास वहिनीने सोडले आहेत. मामी आधी खूप रागावली. मग मी तिला मुलींची यादी वाचून दाखवली. ओझरची, चांदवडची, बाळंतपणात गेलेली, आई, मावश्या. मामी स्वतः तीन बहिणींतली आहे. ती म्हणाली, "आमच्या बापालाही लोक निपुत्रिकच म्हणायचे." त्यानंतर तिने शापाचा विषय काढलेला नाही.

दुसरं नावाचं. त्र्यंबकवासींनी सांगितल्याप्रमाणे गेलो. पंचवटीतच मिळालं. गुरुजींनी तांबडं फडकं सोडून वही काढली, आमच्या गावाचं पान लावलं. थोरल्याची नोंद आहे, तो भावाच्या अस्थी घेऊन आला होता. भावाच्या नावापुढे भार्या म्हणून तिचं नाव लिहिलेलं आहे. ते मी इथे देत नाही, घरच्यांना आधी सवयीचं होऊ दे. नोंद मोडीत आहे, गुरुजींनी वाचून दाखवली. सालही आहे आणि ते प्लेगच्याच धामधुमीतलं आहे, 'जुनं नाशिक' यांचा अंदाज खरा ठरला.

पण त्याच पानावर खाली दुसऱ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी आहेत. त्यात तिचं नाव पुन्हा आलंय, आणि पुढचं अक्षर पुसट आहे. गुरुजींना एक गावाचं नाव असावं असं वाटतं, कदाचित ती कुठे राहायला गेली त्याचं. म्हणजे ती गंगेत गेली नसेल. नंतर कधीतरी स्वतःच्या पायाने घाटावर आली असेल, नवऱ्याचं श्राद्ध करायला किंवा सिंहस्थाला. असेल म्हणते, आहे म्हणत नाही. पण घरात पिढ्यान्पिढ्या तिला बुडवूनच टाकलं होतं, म्हणून ह्या दोन ओळींना मला फार किंमत वाटते. गुरुजींनी फोटो काढू दिला. मोडी वाचणारं कुणी आहे का इथे?

आता झाड. शाप गेला तर रखवालदार कोण, हे 'रानवाटा' यांनी विचारलं होतं. तेच भावकीत विचारलं गेलं. "शाप नाही म्हणता, मग तोडायला हरकत काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणी मार्ग सुचवेल का?

---

दस्तऐवज

झाडाचं उत्तर कायद्यात आहे. मखमलाबाद महापालिका हद्दीत आहे, त्यामुळे नागरी क्षेत्रातला १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं. तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावावी लागतात, असं त्या दुरुस्तीत आहे. आजोबांनी पार बांधल्याचा काळ धरला तरी ५० वर्षं सहज भरतात. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आजच लेखी अर्ज द्या, फोटो आणि गट नंबरसकट. परवानगीसाठी अर्ज आला तर नोटीस निघते, तेव्हा हरकत घेता येते. पण नोटिशीची वाट बघू नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. एक एकराच्या वरच्या ले-आउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती जागा कुठे सोडायची हे आराखडा करणारा ठरवतो. बहुतेक वेळा कोपऱ्यातली, विकली न जाणारी तुकडा जागा सोडतात. तुमच्या भावकीला सांगा की ती १० टक्के वडाखाली सोडा. एक इंच जमीन जास्त जात नाही. वास्तुविशारदाला फक्त नकाशा पुन्हा काढावा लागेल. आराखडा मंजुरीला जाण्याआधी हे करा, नंतर कुणी ऐकत नाही.

---

रानवाटा

हे उत्तम आहे. उंटवाडीच्या म्हसोबाचा जुना वड उड्डाणपुलाच्या कामात जाणार होता, तेव्हा नाशिककरांनी आवाज उठवला आणि २०२२ मध्ये विषय थेट तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांपर्यंत गेला. तिथे रस्त्यावर उतरावं लागलं. तुमच्याकडे एका नकाशावर भागतंय तर आत्ताच भागवा.

मोकळी जागा सोडताना घेर मोजून सोडा. पारंब्या जिथवर लोंबतात त्याच्याही बाहेर थोडं. आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका. हरियाल येतात का तुमच्या वडावर? आपला राज्यपक्षी. वडाची फळं पिकली की पहाटे थवे उतरतात. आराखडा करणाऱ्याला एकदा त्या वेळी तिथे उभं करा.

---

वाघाडी

येतात! मामा त्यांना पोपटच म्हणायचा.

नकाशाचं मामेभावाने मनावर घेतलंय. वास्तुविशारदाशी बोलणं झालं, दोन प्लॉट सरकवावे लागतील म्हणाला. भावकीतल्या एका काकांची सही अजून बाकी आहे, ते अडून बसलेत. वृक्ष प्राधिकरणाचा अर्ज मी टाइप करून ठेवला आहे, खाली सह्या मामी आणि वहिनी दोघींच्या आहेत. वकीलसाहेब, अर्जात 'वारसा वृक्ष म्हणून नोंद व्हावी' एवढं लिहिलं तर पुरेल की कलम टाकावं लागेल?

त्र्यंबकवासी, श्राद्ध करायचं ठरलंय. तिच्या नावाने, साधं. झाड तोडण्याशी त्याचा संबंध नाही असं मामेभावाने गुरुजींना आधीच सांगितलं.

---

दस्तऐवज

कलम टाका, मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. काकांची सही होईपर्यंत मोजणी थांबवा.

---

मोडीप्रेमी

उशिरा पोचलो धाग्यावर. मोडी वाचतो, जमिनीचे कागद आणि नामावळ्या दोन्ही वाचलेल्या आहेत. फोटो पाठवा, पण पान सपाट ठेवून, उजेड बाजूने येईल असा काढलेला हवा. फ्लॅश नको. पुसट शाई तिरप्या उजेडात उठते. त्या दोन ओळींच्या वरची आणि खालची नोंदही घ्या. एकाच हाताची असली तर त्यावरून साल बांधता येतं. गावाचं नाव एकट्या अक्षरावरून लावू नका, मोडीत व आणि ब ची गफलत फार होते. गुरुजींची हरकत नसेल तर मी स्वतः येऊन वही बघतो, पंचवटीतच राहतो. येताना गाव नमुना १४ची नक्कल मिळाली तर तीही आणा, दोन्ही शेजारी ठेवून वाचू.